आफ्टरमार्केट थ्रॉटल बॉडी बसवली आणि आयडल चढला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती केबलने उघडणारी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) असलेल्या पेट्रोल एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या, गाड्यांसाठी आहे: जुनी होंडा सिटी, सिव्हिक, एस्टीम, बलेनो यांसारख्या. नेमके आकडे जिथे दिले आहेत, तिथे ते मुख्यतः नव्वदच्या दशकातल्या होंडाच्या डी आणि बी मालिकेतल्या इंजिनांचे आहेत, कारण मोठ्या बोअरची थ्रॉटल बॉडी या इंजिनांवर फार बसवली जाते आणि आयडलची, म्हणजे पेडल न दाबता इंजिन ज्या वेगाने चालते त्याची, तक्रारही तिथे हमखास येते. दुसरी गाडी असेल तर आकडे तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. शोधायची पद्धत तीच राहते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा प्रश्न शेवटाकडे वेगळा घेतला आहे.

जुन्या बॉडीवर स्लो (आयडल) ७५० आरपीएम होता. नवी बसवल्यावर १५००च्या खाली येतच नाही. नवी बॉडी खराब निघाली का?

तसे असू शकते, पण लगेच परत करायला पळू नका. पेट्रोल इंजिनाचा आयडल म्हणजे शेवटी आत जाणाऱ्या हवेचा हिशोब. हवा वाढली की मॅनिफोल्डमधला (बॉडीतून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीतला) दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरला ती दिसते, इंजिनाचा कॉम्प्युटर ईसीयू तिच्या मापाने पेट्रोल देतो आणि आरपीएम चढतो. म्हणजे ७५० ऐवजी १५०० दिसत असेल तर इंजिनाला कुठून तरी जादा हवा मिळते आहे. तिला येण्याचे रस्ते दोनच: थ्रॉटल बॉडीच्या तोंडातून, किंवा बॉडीला वळसा घालून, म्हणजे पॅकिंग, होज, मॅनिफोल्ड यांतून. यातला कोणता रस्ता आहे हे कळेपर्यंत एकही स्क्रू फिरवू नका. आधी सगळे फिरवून बसलेली गाडी दुरुस्त करायला दुप्पट वेळ लागतो, कारण तोपर्यंत मूळ दोष आणि नंतरची छेडछाड एकमेकांत मिसळलेली असते.

झडप बंद आहे, डोळ्याला फट दिसत नाही. एवढ्याशा हवेने आरपीएम दुप्पट होईल का?

होतो. हिशोब करून पाहा. ६८ मिमी बोअरच्या झडपेचा परीघ साधारण २१४ मिमी. कडेने सगळीकडे फक्त ०.०५ मिमी फट राहिली, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीच्या निम्मी, तरी एकूण क्षेत्रफळ १०.७ चौरस मिमी होते. मॅनिफोल्डला ३.७ मिमीचे भोक पाडल्यासारखेच ते झाले. आयडलला मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी असतो, त्यामुळे फटीतून हवा ध्वनीच्या वेगाने आत घुसते. अशा भोकातून सेकंदाला सुमारे दोन ग्रॅम हवा जाते. दीड लिटरच्या गरम इंजिनाला ७५० आरपीएमवर लागणारी हवा ढोबळमानाने दोन ते तीन ग्रॅमच असते. म्हणजे आयडलला लागणारी जवळजवळ सगळी हवा या फटीतूनच गेली. आयडलची हवा कमी-जास्त करणारा आयडल व्हॉल्व्ह ईसीयूने पूर्ण बंद केला तरी त्याच्या हातात कमी करायला काही उरत नाही.

मूळ कंपनीच्या बॉडीत झडप आणि बोअर एकमेकांना जुळवून बसवलेले असतात, काही ठिकाणी झडपेच्या कडेला गडद रंगाचा सीलिंगचा थरही असतो. स्वस्त कॉपीत ही मेहनत वाचवलेली असते. बोअर मोठा केल्याने क्षेत्रफळ वाढते, ६० वरून ६८ मिमीला सुमारे २८ टक्के, आणि त्याबरोबर परीघही वाढतो. म्हणून मोठ्या बॉडीत झडप नीट बसणे अधिकच गरजेचे असते.

मग सुरुवात कुठून करायची?

बॉडीचे तोंड बंद करून पाहण्यापासून. ही एक चाचणी अर्धे काम करते.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन पूर्ण गरम, म्हणजे रेडिएटरचा पंखा एकदा चालू होऊन बंद झालेला. एसी, दिवे, पंखा सगळे बंद. एअर फिल्टरकडून येणारा इनटेक पाइप बॉडीवरून काढा. पीसीव्ही व्हॉल्व्हकडून (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत सोडणारा व्हॉल्व्ह) मॅनिफोल्डला येणारा होज पक्कडीने दाबून धरा; पक्कडीच्या जबड्यांना कापड गुंडाळा, नाहीतर होज चिरतो. पीसीव्हीतून थोडी हवा मुळातच येत असते, तो दाबला नाही तर निकाल फसवा येतो. आता जाड सपाट रबराचा तुकडा किंवा गुळगुळीत लाकडी फळी बॉडीच्या तोंडावर घट्ट धरा. फडके वापरू नका, ते आत ओढले जाते.

इंजिन दोन-तीन सेकंदांत बंद पडले, तर जादा हवा बॉडीच्या आतून येत होती. इंजिन चालूच राहिले, तर बॉडीच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला, कुठेतरी गळती आहे. इंजिन रडतखडत ४००–५०० वर चालत राहिले, तर दोन्हीकडे थोडेथोडे आहे. या तिसऱ्या प्रकारात आधी गळती काढा, मग बॉडीकडे वळा.

तोंड बंद केल्यावर इंजिन बंद पडले. आता?

बॉडीच्या आत हवेचे चार रस्ते असू शकतात: झडपेच्या कडेची फट, आयडल अॅडजस्ट स्क्रूचा बायपास, आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्हचा रस्ता आणि जुन्या होंडात थंड इंजिनासाठी असलेला फास्ट आयडल थर्मो व्हॉल्व्ह. तोंडात पाहिले की झडपेच्या अलीकडे (फिल्टरच्या बाजूला) भिंतीत एक-दोन भोके दिसतात. इंजिन चालू ठेवून एकेक भोक बोटाने बंद करा. ज्या भोकावर बोट ठेवताच आरपीएम धाडकन खाली येतो, त्या रस्त्यातून जादा हवा येते. कोणत्याही भोकाने फरक पडला नाही आणि झडपेतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दोष झडपेचा.

झडपेसाठी बॉडी काढून हातात घ्या. अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च लावा. झडप बंद असताना कडेने एकसारखी केसाएवढी रेघ दिसली तर ठीक. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, म्हणजे झडप केंद्रात बसलेली नाही. झडपेचे दोन छोटे स्क्रू असतात. ते किंचित सैल करा, स्टॉप स्क्रू (बंद होताना लिव्हर ज्याला टेकतो तो) मागे घ्या, लिव्हर दोन-तीनदा सोडून झडप आपणहून बोअरमध्ये बसू द्या आणि ती बोटाने दाबून धरून स्क्रू घट्ट करा. या स्क्रूंची टोके बऱ्याचदा ठोकून पसरवलेली असतात. जोर लावून काढली तर आटे जातात, म्हणून मागचे टोक आधी घासून घ्या. परत लावताना मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर लावल्याशिवाय लावू नका. तो स्क्रू सुटला तर सरळ सिलिंडरमध्ये जातो आणि मग दुरुस्ती थ्रॉटल बॉडीची राहत नाही, हेड उघडावे लागते.

आणखी एक गोष्ट इथेच तपासा. झडप पूर्ण गोल नसते. बंद स्थितीत ती काही अंशांच्या तिरक्या कोनात बसते, म्हणून ती किंचित लंबगोल असते आणि तिच्या कडा उतरत्या घासलेल्या असतात. ती उलटी बसवली गेली असेल तर कितीही केंद्रात आणली तरी फट मिटत नाही.

स्टॉप स्क्रू थोडा मागे घेतला तर आयडल उतरतो. तेवढेच करून का सोडू नये?

कारण तो आयडल लावायचा स्क्रू नाही. झडप बोअरच्या भिंतीत रुतू नये एवढ्यासाठीच तो आहे. तो फार मागे घेतला की झडप भिंतीला टेकते, पहिल्यांदा पेडल दाबताना अडकते आणि मग झटक्याने सुटते. ट्रॅफिकमध्ये गाडी गचके देते. काही महिन्यांनी बोअरला चर पडतो आणि फट कायमची होते. कंपनीच्या बॉडीवर या स्क्रूला रंगाचा ठिपका असतो, तो ‘हात लावू नका’ याच अर्थाने.

आफ्टरमार्केट बॉडीवर मात्र तो सहसा सीलबंद नसतो आणि वाहतुकीत किंवा बसवताना हललेला असू शकतो. त्याची जागा शोधायची पद्धत अशी: स्क्रू पूर्ण सैल करा, झडप पूर्ण बंद होऊ द्या. मग लिव्हरला जेमतेम टेकेपर्यंत आत घ्या. लिव्हर झटकन सोडून पाहा. झडप रुतत असेल तर आठवा भाग फेरा आत, पुन्हा पाहा. रुतणे थांबले की तिथेच चेकनट लावा. बहुतेक वेळा पाव फेऱ्याच्या आत काम होते. अर्ध्या फेऱ्याहून जास्त लागत असेल तर झडप केंद्रात नाही, मागच्या उत्तराकडे परत जा.

कूलंटचे पाइप बॉडीला जोडले नाहीत, पुण्या-मुंबईत गरजच काय, असे सांगितले गेले. त्याचा आयडलशी संबंध आहे का?

जुन्या होंडात थेट संबंध आहे. बॉडीला कूलंट देण्यामागे बर्फ जमू नये हे कारण आहेच, आणि ते आपल्याकडे गैरलागू आहे हे खरे. पण फास्ट आयडल थर्मो व्हॉल्व्हच्या आत मेण भरलेला भाग असतो. गरम कूलंट त्यातून फिरला की मेण फुगते आणि जादा हवेचा रस्ता बंद होतो. कूलंटच पोचला नाही तर व्हॉल्व्हच्या लेखी इंजिन कायम थंडच असते. गाडी मग तासभर चालवा, आयडल १५००–१८००ला चिकटून राहतो. म्हणून हा व्हॉल्व्ह असेल तर कूलंट जोडायलाच हवा, किंवा व्हॉल्व्हचा हवेचा रस्ता प्लेट लावून पूर्ण बंद करायला हवा. दुसरा मार्ग घेतला तर सकाळी गाडी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे आयडल जरा खाली राहतो, एवढाच तोटा.

पाइप जोडले आहेत आणि तरीही तेच होत असेल, तर दोन्ही पाइपांना हात लावून पाहा, जपून. एक गरम आणि एक थंड म्हणजे आत हवा अडकली आहे. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढा, पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीडर बोल्ट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. बॉडी बदलताना पाव-अर्धा लिटर कूलंट सांडतो आणि हे काम हटकून राहून जाते. तीच अडकलेली हवा तापमान सेन्सरपाशी आली तरी आयडल वर-खाली होत राहतो.

तोंड बंद केले तरी इंजिन चालूच राहिले. गळती कशी शोधायची?

सर्वांत आधी बॉडी आणि मॅनिफोल्ड यांच्यामधले पॅकिंग. ६० मिमीच्या मॅनिफोल्डवर ६८ची बॉडी आणि मध्ये जुनेच पॅकिंग, ही जोडी फार ठिकाणी दिसते. पॅकिंगची आतली कड मोकळी लटकते, तिच्यामागे बायपासच्या भोकाला टेकायला धातूच उरत नाही आणि हवा तिथून आत जाते. बॉडी, पॅकिंग आणि मॅनिफोल्ड एकावर एक ठेवून प्रत्येक भोक जुळते का हे पाहा. बॉडीच्या तळाला सपाट पट्टी आणि फीलर गेज लावा, ०.०५ मिमीचे पाते आत सरकले तर तळ सपाट नाही. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासून तो सपाट करता येतो. जाड सिलिकॉन थापून तळ भरू नका, त्याचे तुकडे सुटून आयडल व्हॉल्व्हमध्ये जातात.

नट आडवे-तिडवे क्रमाने, दोन टप्प्यांत आवळा. होंडाच्या ८ मिमीच्या नटांना २२ न्यूटन-मीटर. याहून जास्त आवळले तर अॅल्युमिनियमची बॉडी पिळवटते आणि झडप अडकायला लागते. नट आवळल्यावर झडप जड वाटत असेल, सैल केल्यावर मोकळी होत असेल, तर कारण हेच.

मग होज. प्रत्येक होज पक्कडीने एकेक करून दाबत जा: ब्रेक बूस्टर, पीसीव्ही, चारकोल कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा डबा), एमएपी सेन्सर सोडून बाकी सगळे. एखादा दाबताच आरपीएम उतरला तर त्या होजच्या पलीकडे गळती आहे. ब्रेक बूस्टरचा डायाफ्राम फाटला असेल तर असेच दिसते, आणि तो योगायोगाने त्याच आठवड्यात फाटला असेल तर बिचाऱ्या नव्या बॉडीवर आळ येतो.

उरलेल्या जागांसाठी स्मोक मशीन सर्वांत चांगले. ते नसेल तर इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये ३ ते ५ पीएसआय हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी मारा. याहून जास्त दाब देऊ नका, ऑइल सील बाहेर येतात. थ्रॉटल शाफ्टची दोन्ही टोके, इंजेक्टरची ओ-रिंग आणि आयडल व्हॉल्व्हची ओ-रिंग या तीन जागा विसरू नका. चालू इंजिनावर कार्ब क्लीनर मारून गळती शोधायची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास चालते, पण ती आग लावू शकते: तापलेला एक्झॉस्ट हातभर अंतरावर असतो आणि जुन्या प्लग वायरमधून ठिणगी उडते. पेट्रोल शिंपडून तर कधीच शोधू नका.

नव्या बॉडीवर होज लावायचे निपल कमी आहेत, किंवा वेगळ्या जागी आहेत. कोणता कुठे?

हा मुद्दा बारीक आहे आणि फसवतो. मूळ बॉडीवर काही निपल झडपेच्या अलीकडे उघडतात: आयडलला तिथे व्हॅक्यूम शून्य, पेडल दाबल्यावर तयार होतो. काही झडपेच्या पलीकडे उघडतात, तिथे आयडललाच पूर्ण व्हॅक्यूम असतो. आफ्टरमार्केट बॉडीवर बऱ्याचदा सगळेच पलीकडे असतात. कॅनिस्टरचा होज पहिल्या प्रकारचा असेल आणि तुम्ही तो दुसऱ्यावर लावला, तर पेट्रोलची वाफ आणि हवा आयडललाही आत ओढली जाते. व्हॅक्यूमवर चालणारा डिस्ट्रिब्यूटर असलेल्या गाडीत तेच केले, तर आयडललाच ठिणगीचे टायमिंग पुढे जाते आणि हवा न वाढताही आरपीएम चढतो. जुनी बॉडी काढण्यापूर्वी प्रत्येक होजला चिकटपट्टीने नंबर द्या आणि मोबाइलने फोटो काढा. न वापरलेल्या निपलला रबरी टोपी आणि क्लिप दोन्ही लावा. नुसती टोपी इंजिनाच्या उष्णतेने दोन-तीन महिन्यांत चिरते.

टीपीएस (झडप किती उघडी आहे हे ईसीयूला सांगणारा सेन्सर) किती व्होल्टवर लावायचा?

५ व्होल्टच्या सेन्सरला झडप पूर्ण बंद असताना साधारण ०.५ आणि पूर्ण उघडी असताना ४.५ व्होल्ट. मल्टिमीटर सिग्नल वायर आणि सेन्सरच्या ग्राउंडमध्ये लावा, इग्निशन ऑन, इंजिन बंद. झडप हळूहळू उघडताना आकडा एकसारखा चढला पाहिजे, मध्ये उडी मारली तर सेन्सर घासलेला आहे. बंद झडपेवर ०.७–०.८ येत असेल तर ईसीयूला वाटते की तुमचा पाय पेडलवर आहे. तो आयडल सांभाळायचे सोडून देतो आणि उतारावर पेट्रोलही तोडत नाही. स्टॉप स्क्रू हलवला की टीपीएस पुन्हा पाहायचा, हा क्रम पक्का ठेवा: आधी झडप, मग स्क्रू, मग सेन्सर.

त्याआधी केबल. होंडाच्या केबलला मध्यावर १० ते १२ मिमी ढिलाई लागते. मोठ्या बॉडीचे चाक आणि ब्रॅकेट वेगळ्या मापाचे असतात, त्यामुळे केबल ताणलेली राहणे फार सोपे आहे. इंजिन गरम झाल्यावर ढिलाई पुन्हा पाहा.

आयडल एका जागी राहत नाही, १००० ते १८०० असा सारखा नाचतो.

ही ईसीयू आणि गळती यांची ओढाताण आहे. झडप बंद आणि आरपीएम ठरावीक मर्यादेच्या वर, म्हणजे गाडी उतारावर आहे असे समजून ईसीयू पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतो. खालच्या मर्यादेला पेट्रोल पुन्हा सुरू होते, पण जादा हवा आहेच, म्हणून तो पुन्हा चढतो. यात ईसीयू बरोबर वागतो आहे. त्याला बदलायच्या फंदात पडू नका. हवा शोधा. फक्त कूलंटमध्ये अडकलेली हवा हे याचे दुसरे नेहमीचे कारण, ते आधी दूर करा.

सगळे तपासून झाले. आता बेस आयडल कसा लावायचा?

इंजिन पूर्ण गरम, सगळे लोड बंद. आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्हचा कनेक्टर काढा. पेडल किंचित दाबून इंजिन सुरू करा, १००० आरपीएमवर स्थिर करा आणि हळूहळू सोडा. आता व्हॉल्व्हची मदत नाही, म्हणून आयडल खूप खाली आला पाहिजे. जुन्या सिव्हिकच्या डी मालिकेत मॉडेलनुसार ४२० ते ४८०च्या आसपास. आयडल स्क्रू आत फिरवला की हवा कमी, बाहेर घेतला की जास्त. पाव-पाव फेरा फिरवून हा आकडा आणा. इंजिन बंद करा, कनेक्टर लावा, बॅकअप फ्यूज दहा सेकंद काढून ईसीयू रिसेट करा. मग पुन्हा सुरू करून लोड न देता ३००० आरपीएमवर पंखा लागेपर्यंत धरा आणि त्यानंतर पाच ते दहा मिनिटे हात न लावता आयडलवर सोडा. आयडल मॅन्युअलच्या आकड्याच्या ५० आरपीएम इकडेतिकडे स्थिर झाला पाहिजे. एसी लावून पाहा, तो किंचित बसून पुन्हा सावरला पाहिजे.

स्क्रू पूर्ण आत गेला तरी कनेक्टर काढलेल्या अवस्थेत ९०० दिसत असेल, तर सेटिंग थांबवा. गळती उरली आहे. स्क्रूची स्वतःची छोटी ओ-रिंगही पाहा, ती कडक झाली की तिच्या कडेने हवा जाते.

स्कॅनरवर काय पाहू?

ओबीडी-२ (स्कॅनर जोडून दोषाचे कोड वाचायची सोय) असलेल्या गाडीत पी०५०७ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा जास्त, पी०५०५ म्हणजे आयडल कंट्रोलमध्ये दोष, पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. कोडपेक्षा लाइव्ह डेटा अधिक बोलतो. फ्यूएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली टक्केवारीतली वाढ-घट) आयडलला +१५ आणि २५०० आरपीएमवर +३ असेल, तर मोजल्याविना आत येणारी हवा नक्की. इथे एक फरक लक्षात ठेवा: एमएएफ सेन्सरच्या (बॉडीच्या आधी आत येणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत बॉडीपुढची गळती मोजली जात नाही, म्हणून मिश्रण पातळ होते, इंजिन अडखळते. एमएपीच्या गाडीत तीच गळती मोजली जाते, मिश्रण ठीक राहते आणि फक्त आयडल चढतो. एमएपीच्या गाडीत ट्रिम चांगले दिसले म्हणून गळती नाही असे समजू नका.

व्हॅक्यूम गेज लावणार असाल तर उंचीचा विचार करा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन १८ ते २२ इंच (पाऱ्याचे) दाखवते. दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी होतो. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे, म्हणजे मुंबईत २० दाखवणारी गाडी पुण्यात १८ दाखवेल, महाबळेश्वरला साडेपंधरा. यात दोष काही नाही.

गाडीला सीएनजी किट आहे.

आधी फक्त पेट्रोलवर आयडल जुळवा, मग सीएनजीवर जा. सिक्वेन्शियल किट बसवताना मॅनिफोल्डला गॅस नोझलसाठी भोके पाडलेली असतात आणि रेग्युलेटरसाठी व्हॅक्यूम होजला टी जोडलेली असते. बॉडी बदलताना हे होज ओढले जातात आणि टीपाशी चिरतात. जुन्या मिक्सर किटमध्ये मिक्सर बॉडीच्या तोंडाच्या मापाचा असतो. मोठ्या बॉडीला तो बसत नाही, आणि रबराने जमवून बसवणे बॅकफायरला आमंत्रण आहे.

आयडल फक्त गाडी पळताना जास्त राहतो, उभी राहिली की उतरतो.

काही ईसीयू वेगाचा सिग्नल मिळतो तोवर मुद्दाम आयडल वर धरतात. जुन्या बॉडीवरही असे होत होते का, आठवून पाहा. फक्त थंडीत सकाळी १२००–१५०० आणि मग उतरत जाणेही नैसर्गिक आहे. फक्त गरम झाल्यावर चढत असेल, तर पॅकिंग किंवा मऊ पडलेला होज पाहा.

माझ्या गाडीत केबल नाही, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे.

मग वरचे गळतीचे भाग लागू, स्क्रूचे नाहीत. या बॉडीत मोटर आणि दोन टीपीएस असतात. वीज नसताना झडप स्प्रिंगमुळे थोडी उघडी राहते, ती फट दोष नाही. बॉडी बदलली की स्कॅनरने थ्रॉटल लर्निंग करावेच लागते, नाहीतर ईसीयू जुन्या झडपेचा शून्य धरून चालतो. इग्निशन ऑन असताना झडपेला बोट लावू नका: ती जोरात बंद होते, बोट सापडते आणि गिअरचे दातही तुटतात. पी२१३५ आला तर दोन सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत. कॉपी बॉडीत हे बऱ्याचदा दिसते आणि सेटिंगने सुटत नाही, बॉडी बदलावी लागते.

दुकानात बॉडी घेताना काय तपासू?

जुन्या बॉडीचे पॅकिंग बरोबर न्या आणि भोके जुळवा. उजेडासमोर धरून झडपेची फट पाहा. शाफ्ट वर-खाली हलवा, जाणवण्याइतका खेळ असेल तर ठेवून द्या. लिव्हर अगदी हळू सोडा, शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये ती अडकता कामा नये. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळणाऱ्या वापरलेल्या मूळ बॉडीचा विचार जरूर करा: मोठ्या इंजिनाच्या मूळ बॉडीची झडप बऱ्याच नव्या कॉपींपेक्षा नीट बसते. तिथे फक्त शाफ्टचा खेळ आणि कोणी तारेच्या ब्रशने कडेचा थर खरवडला आहे का, एवढे पाहा.

तोपर्यंत गाडी चालवू का?

१०००–१२०० असेल तर गॅरेजपर्यंत हळू न्या. ऑटोमॅटिकमध्ये १५००वर ‘डी’ टाकू नका, गाडी पुढे उडी घेते. रेस सोडली तरी आरपीएम ३०००च्या वर अडकला, तर क्लच दाबा किंवा न्यूट्रल करा, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, गाडी कडेला घ्या आणि मग इग्निशन बंद करा. चालत्या गाडीत चावी लॉकपर्यंत फिरवू नका, स्टिअरिंग अडकते.

पीयूसी आणि आरटीओचे काय?

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर मर्यादा आहेत, म्हणून इंजिनाचा बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. पीयूसीला आयडल नीट नसेल तर सीओ आणि हायड्रोकार्बनचे आकडे विश्वासाचे येत नाहीत, म्हणून आधी आयडल लावा, मग केंद्रावर जा.

जुनी बॉडी विकून टाकू का?

निदान महिनाभर ठेवा. पॅकिंगसह ती परत लावायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तिच्यावर आयडल ७५०ला आला तर दोष नव्या बॉडीत. तिच्यावरही १५०० राहिला तर गळती मॅनिफोल्डच्या बाजूला. दुकानदाराशी बोलतानाही हा निकाल कामी येतो. जुन्या बॉडीचा टीपीएस काढून नव्यावर लावणार असाल, तर मूळ जागी परत बसवण्यासाठी काढण्यापूर्वी स्क्रूपाशी टोकदार खिळ्याने खूण करून ठेवा.